मालक आणि वहिवाटदार

इंग्लंडच्या जुन्या लँकेशायर परगण्यात, मँचेस्टरच्या उत्तरेला काही मैलांवर, बेरी नावाचे एक गाव आहे. सुताच्या गिरण्यांवर वाढलेले. आपल्या गिरणगावात ज्याचे बालपण गेले त्याला तेथली धुराडी, भोंगे आणि विटांच्या चाळी परक्या वाटल्या नसत्या. या गावाच्या फुटबॉल क्लबाने 18 एप्रिल 1903 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर, साठ हजारांवर प्रेक्षकांच्या समोर, इंग्लंडच्या चषकस्पर्धेचा अंतिम सामना खेळला आणि डर्बी काउंटी या संघाचा सहा गोलांनी फडशा पाडला. त्या वर्षी संपूर्ण स्पर्धेत बेरीवर एकही गोल झाला नव्हता.

अंतिम सामन्यातला सहा गोलांचा हा विक्रम कोणालाही मोडता आला नाही. 116 वर्षांनी, 18 मे 2019 रोजी, मँचेस्टर सिटी या शेजारच्याच क्लबाने त्याच्याशी बरोबरी केली. सिटीची मालकी 2008 पासून अबू धाबीच्या राजघराण्याकडे. आणि त्याच वर्षी, 27 ऑगस्टला, बेरीचे नाव 125 वर्षांच्या सभासदत्वानंतर लीगमधून काढून टाकण्यात आले. क्लब हरला म्हणून नव्हे; उलट नुकताच तो वरच्या पायरीवर चढला होता. देणी भागविण्यास पैसा कोठून येणार, हे मालकाला सांगता आले नाही म्हणून.

एका विक्रमाचे हे दोन वाटेकरी. एकाच्या घरी पैसा मोजण्यास कारकून पुरत नाहीत, दुसऱ्याच्या दाराला कुलूप. हा दैवाचा खेळ आहे असे म्हणून सोडून देता येईल. पण इतिहास उलगडू लागले की दिसते, येथे दैवाचा भाग थोडा आणि माणसाच्या करणीचा फार.

फुटबॉलचे नियम 1863 साली लंडनमध्ये सुखवस्तू गृहस्थांनी बांधले. पण खेळाला गर्दी मिळवून दिली ती कामगारांनी. 1850 च्या कारखाना कायद्याने शनिवारी दुपारी दोन वाजता कापडगिरण्या थांबू लागल्या आणि आठवड्यातली एक दुपार गिरणीवाल्याच्या हाती आली. ती त्याने फुटबॉलला दिली. पैसे घेऊन खेळण्यास 1885 साली मान्यता मिळाली. 1888 साली बारा क्लबांनी मिळून लीग स्थापन केली. त्या बारांपैकी सहा एकट्या लँकेशायरचे होते.

मैदान घ्यायचे, कुंपण घालायचे, बाके बांधायची, तर भांडवल हवे. म्हणून क्लब मर्यादित कंपन्या झाले, गावच्या दुकानदारांनी आणि कारखानदारांनी भाग घेतले. तेव्हाच्या धुरिणांना यातला धोका उमगला होता. कंपनी म्हटली की नफा आला आणि नफा आला की नफ्यासाठी खेळ राबविणे आले. म्हणून इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने एक नियम केला. पुढे तो चौतिसावा नियम म्हणून ओळखला गेला. भागधारकांना लाभांश मिळेल, पण मर्यादेत: आरंभी शेकडा पाच, 1920 पासून शेकडा साडेसात. संचालकांना पगार नाही. आणि क्लब मोडलाच, तर उरलेली मालमत्ता भागधारकांनी वाटून घ्यायची नाही. ती दुसऱ्या क्रीडासंस्थेला किंवा धर्मादायाला द्यायची.

आपल्याकडे देवस्थानच्या इनामजमिनीला वहिवाटदार असतो. जमीन त्याने कसावी, पीक घ्यावे, देवाचा दिवाबत्तीचा खर्च चालवावा. पण ती विकून मोकळे होण्याचा अधिकार त्याला नाही. चौतिसाव्या नियमाने क्लबाच्या संचालकांना हेच सांगितले होते: तुम्ही मालक नाही, वहिवाटदार आहात.

पण जुना काळ सोन्याचा होता असे मानण्याचे कारण नाही. जे स्वतःच्या नफ्याला मर्यादा घालून घेत होते, त्यांनी खेळाडूंच्या पोटालाही मर्यादा घातली होती. 1901 पासून खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून अधिक वेतन देण्यास बंदी झाली. साठ वर्षांनी हा आकडा कसाबसा वीस पौंडांवर पोचला होता. शिवाय करार संपला तरी क्लब खेळाडूला आपल्या दावणीला बांधून ठेवू शके. पगार बंद, आणि दुसरीकडे खेळण्याचीही परवानगी नाही. मैदान भरून प्रेक्षक ज्याला पाहावयास येत, तो सोमवारी वेठबिगार असे. संपाची नोटीस दिल्यावर, खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली, जानेवारी 1961 मध्ये वेतनमर्यादा उठली. 1963 साली जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या दाव्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूला असे अडकवून ठेवणे बेकायदा ठरविले. हा न्याय फार उशिरा झाला.

मात्र खेळाडूंच्या बेड्या तुटल्या त्यानंतर वीस वर्षांनी संचालकांवरचा लगामही सुटला, आणि या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. 1983 साली टॉटनहॅम हॉट्स्पर या लंडनच्या क्लबाने शेअरबाजारात पाऊल टाकले. युक्ती साधी होती. क्लबाच्या डोक्यावर दुसरी एक कंपनी उभी करावयाची. नियम क्लबाला लागू, वरच्या कंपनीला नाही. असोसिएशनने पाहिले आणि मान्य केले. चौतिसावा नियम रद्द झाला नाही. तो पुस्तकात राहिला आणि व्यवहारातून गेला. आपल्याकडे अनेक कायद्यांचे असेच होते.

त्याच वर्षी आणखी एक जुनी रीत मोडली. तिकिटाच्या उत्पन्नातला काही हिस्सा पाहुण्या संघाला मिळत असे. त्यामुळे मोठ्या शहरातला पैसा थोडाफार लहान गावात झिरपे. आता यजमानानेच सारे ठेवावे असे ठरले. मग 1992 साली पहिल्या श्रेणीच्या 22 क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि प्रीमियर लीग जन्मास आली. दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पहिला करार पाच वर्षांना 304 दशलक्ष पौंडांचा होता. 2025 पासून सुरू झालेला करार, तोही फक्त ब्रिटनमधल्या प्रक्षेपणाचा, चार वर्षांना 6.7 अब्ज पौंडांचा आहे. वरच्या ताटात एवढे वाढलेले असले की खालच्या पंगतीतला माणूस ऋण काढून सण करू लागतो. एक पायरी वर चढण्यासाठी दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबांनी कित्येक वर्षे खेळाडूंच्या आणि नोकरांच्या वेतनावर एकूण उत्पन्नापेक्षाही जास्त खर्च केला आहे. चढला तो तरला. बाकीच्यांच्या डोक्यावर कर्ज उरले.

ज्यांनी हे कर्ज फेडण्याची सोपी वाट शोधली, त्यांची नजर मैदानाकडे गेली. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचे काय झाले ते आपण पाहिले आहे. सुतापेक्षा जमीन महाग झाली की चाके थांबविण्यातच फायदा दिसू लागतो. ब्रायटनच्या क्लबाचे गोल्डस्टोन मैदान 1995 साली विकले गेले. मैदानाच्या विक्रीतून मालकांना नफा काढू न देणारे कलम क्लबाच्या घटनेतून त्याआधीच वगळण्यात आले होते. 1997 मध्ये तेथे शेवटचा सामना झाला आणि मग दुकाने उभी राहिली. विम्बल्डनचा क्लब तर 2003 साली उचलून दूरच्या मिल्टन कीन्स शहरात नेण्यात आला. पाठीराख्यांनी त्याआधीच, 2002 साली, आपला नवा क्लब काढला.

या इतिहासात पुण्याचेही एक पान आहे. 1888 च्या त्या पहिल्या बारांपैकी एक, आणि 1995 चा विजेता, असा ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लब नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या वेंकीज या कोंबडीव्यवसायातल्या उद्योगसमूहाने विकत घेतला. महिन्याभरात अनुभवी व्यवस्थापक गेला. 2012 साली क्लब पहिल्या श्रेणीतून घसरला. ज्या सामन्यात हे नक्की झाले, त्यात कोणीतरी क्लबाच्या रंगांत सजविलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. 2017 मध्ये क्लब तिसऱ्या पायरीवर गेला, पुढल्या वर्षी एक पायरी परत चढला. येथे न्यायाने बोलले पाहिजे. या मालकांनी क्लब लुटला नाही. वर्षानुवर्षे पदरचे कोट्यवधी पौंड त्यात घातले. म्हणून तर हे उदाहरण मोलाचे. क्लब बुडविण्यास लोभच लागतो असे नाही. कोणालाही विचारण्याची गरज नसलेली सत्ता पुरते.

बेरीची गोष्ट याच वाटेने शेवटास गेली. डिसेंबर 2018 मध्ये हा क्लब एका पौंडाला विकला गेला. घेणाऱ्याजवळ तो चालविण्यास पैसा आहे की नाही, याचा पुरावा हाती येण्याआधीच सौदा पुरा झाला होता. काही महिन्यांत खेळाडूंचे पगार थकले. ऑगस्ट 2019 मध्ये क्लबाच्या एका माजी संचालिकेने स्वतःला मैदानाच्या इमारतीच्या पन्हळीला बेडीने जखडून घेतले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, पुढला सामना होईल या आशेने, शेकडो माणसे झाडू आणि बादल्या घेऊन गिग लेन मैदान धुवावयास आली. संध्याकाळी विक्रीची अखेरची बोलणी फिसकटली आणि रात्री निकाल आला. मालक एका पौंडाचा धनी होता. झाडू मारणाऱ्यांचे आजे-पणजे त्या बाकांवर बसलेले होते. कायद्याच्या लेखी मात्र त्या झाडूवाल्यांचा क्लबाशी काही संबंध नव्हता.

लीगला हे रोखता आले नाही, कारण लीग म्हणजे क्लबांचीच सभा. नियम करणार मालक आणि नियम पाळणारेही तेच. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची? 18 एप्रिल 2021 रोजी युरोपातल्या बारा धनाढ्य क्लबांनी, त्यांत सहा इंग्लंडचे, स्वतंत्र स्पर्धा जाहीर केली. तिच्यात संस्थापकांना कधीच खाली घसरावे लागणार नव्हते. हरण्याची भीती काढून टाकलेला खेळ! लोक रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब मागे फिरले.

त्या संतापातून चौकशी समिती बसली. नोव्हेंबर 2021 मध्ये तिने 47 शिफारशी केल्या आणि जुलै 2025 मध्ये ब्रिटिश संसदेचा फुटबॉल प्रशासन कायदा झाला. वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांना आता स्वतंत्र नियामकाचा परवाना लागेल. मालकाची आणि त्याच्या पैशाची तपासणी होईल. परवानगीवाचून मैदान विकता येणार नाही. बोधचिन्ह आणि गणवेशाचा रंग बदलावयाचा तर पाठीराख्यांचे मत घ्यावे लागेल. पाहू गेले तर यात नवे फार थोडे आहे. चौतिसाव्या नियमाचा आशयच, शंभरांवर वर्षांनी आणि बरेच क्लब जायबंदी झाल्यावर, सरकारी शिक्क्याने परत आला आहे. जर्मनीत 1998 पासून क्लबाने कंपनी काढली तरी, मोजके अपवाद सोडता, निम्म्याहून अधिक मते सभासदांच्याच हाती राहतात. तेथेही पैशाचा हव्यास आहेच. पण गावाला न विचारता गाव विकता येत नाही.

आपण हे परक्याचे म्हणून वाचू नये. 2014 साली आपल्याकडे इंडियन सुपर लीग निघाली ती अशीच, कोणी घसरणार नाही अशा बोलीवर. दोन वर्षांनी, नव्या आराखड्यात आपल्याला वरचे स्थान नाही हे पाहून, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन जुने क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. आणि जुलै 2025 मध्ये, महासंघाचा व्यापारी भागीदाराशी असलेला करार पुढे चालू होईल की नाही हे ठरेना, म्हणून ती सुपर लीगच खोळंबली. जे केवळ करारावर उभे होते, ते कराराबरोबर डळमळले.

बेरीत मात्र एक गोष्ट घडली. 2022 मध्ये पाठीराख्यांनी, काही देणगीदारांनी आणि सरकारी अनुदानाने मिळून गिग लेन परत घेतले. 2023 मध्ये नवव्या पायरीवर, त्याच हिरवळीवर, पुन्हा सामना सुरू झाला. ज्या क्लबाने 1903 साली चषक जिंकला, तो आज खेड्यापाड्यांतल्या संघांशी खेळतो. पण ते मैदान आता एका पौंडाला कोणाच्या खिशात जाणार नाही. वहिवाट गावाकडे आली आहे.