इंजिनाचे गॅस्केट: जुनेच बसवावे की नवे घ्यावे?

मोटारीच्या इंजिनाचे काम निघाले, की दुरुस्तीच्या बिलात ‘पॅकिंग सेट’ अशी एक नोंद हमखास आढळते. पुष्कळ वाहनमालकांना हा खर्च टाळता येण्याजोगा वाटतो. ‘जुने पॅकिंग तर चांगले दिसते आहे, तेच पुन्हा बसवले तर काय बिघडेल?’ हा प्रश्न गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतो. त्याचे सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही. गॅस्केट कोणत्या जागेचे आहे, कशाचे बनले आहे आणि ते निकामी झाल्यास नुकसान किती होईल, या तीन गोष्टींवर निर्णय घ्यावा लागतो.

गॅस्केटचे काम काय?

धातूचे दोन भाग कितीही काळजीपूर्वक सपाट केले, तरी त्यांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे आणि खळगे उरतातच. बोल्ट आवळले की मधले गॅस्केट दाबले जाते, त्या खळग्यांत शिरते आणि तेल, पाणी किंवा वायू बाहेर पडण्याची वाट बंद करते. म्हणजेच एकदा आवळलेले गॅस्केट त्या दोन पृष्ठभागांच्या ठशाप्रमाणे घडलेले असते. ते काढून पुन्हा बसवताना तो ठसा तंतोतंत जुन्या जागी येत नाही. शिवाय उष्णता आणि तेल यांमुळे त्याची उसळी घेण्याची क्षमता कमी झालेली असते. त्यामुळे डोळ्यांना अखंड दिसणारे गॅस्केट काम करण्याजोगे असेलच असे नाही.

हेड गॅस्केटबाबत तडजोड नको

सिलिंडर ब्लॉक आणि हेड यांच्यामधील गॅस्केटवर सर्वांत कठीण जबाबदारी असते. ज्वलनाचे वायू, दाबाखालील इंजिन ऑइल आणि कूलंट या तिन्ही गोष्टी त्याला एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. पेट्रोल इंजिनात ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील दाब वातावरणाच्या दाबाच्या ५० पटींहून अधिक होऊ शकतो. आधुनिक टर्बो डिझेल इंजिनात तो १५० पटींच्याही पुढे जातो. त्यातच अनेक मोटारींत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे इंजिन तापताना आणि निवताना दर वेळी हेड गॅस्केटवर किंचित सरकत असते.

पूर्वीच्या हेड गॅस्केटमध्ये ॲसबेस्टॉस आणि तांब्याचा पत्रा वापरत. पुढे ग्रॅफाइटची गॅस्केट आली. आता अनेक इंजिनांत पोलादी पत्र्याच्या अनेक थरांचे गॅस्केट असते. या थरांवर दाबून काढलेल्या कडा आणि रबरासारख्या पदार्थाचा पातळ लेप असतो. कडा एकदा दबल्या आणि लेप पृष्ठभागाला चिकटला, की त्यांचे काम संपते. म्हणून गाडी १० वर्षे चालली असो वा काहीच दिवस, हेड उतरवले की हेड गॅस्केट नवेच घालावे. याला एक अपवाद म्हणजे जुन्या संग्राह्य मोटारींत आणि शर्यतीच्या इंजिनांत वापरले जाणारे अखंड तांब्याचे गॅस्केट. ते लालसर होईपर्यंत तापवून मऊ करता येते आणि पुन्हा वापरता येते. रोजच्या वापरातील मोटारीला हा नियम लागू नाही.

हा हट्ट कशासाठी, हे परिणामांवरून कळते. हेड गॅस्केट फुटले की कूलंट सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये उतरतो. पाणीमिश्रित ऑइलमुळे बेअरिंग खराब होतात. इंजिन अतितप्त होऊन ॲल्युमिनियमचे हेड वाकते. उन्हाळ्यात भरलेली गाडी खंबाटकी किंवा कसाऱ्याचा घाट चढत असताना हा बिघाड झाला, तर कुटुंबासह रस्त्यातच अडकून पडावे लागते. गॅस्केटमध्ये वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट रक्कम मग दुसऱ्यांदा हेड उतरवण्याच्या मजुरीत जाते.

कोणते बदलावे, कोणते चालेल?

कागदी गॅस्केट थर्मोस्टॅट, वॉटर पंप यांसारख्या ठिकाणी असतात. उघडताना ती फाटतात किंवा एका बाजूला चिकटून राहतात. ती नेहमी नवीन घालावीत. अडचणीच्या प्रसंगी त्याच जाडीच्या गॅस्केट शीटमधून कापून घेतलेला तुकडाही जुन्या फाटक्या गॅस्केटपेक्षा बरा.

इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट गळू लागले, तर मोजणीबाहेरची हवा आत शिरते आणि इंजिनाचा आयडल स्पीड वरखाली होतो. तेव्हा तेही बदलणे शहाणपणाचे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट प्रखर उष्णतेने कडक झालेले असते. तेही पुन्हा वापरू नये.

डिझेल मोटारीत इंजेक्टरखाली तांब्याचा छोटा वायसर असतो. तो जुनाच घातल्यास ज्वलनाचे वायू त्याच्या कडेने वर येतात आणि कार्बन साचून इंजेक्टर हेडमध्ये घट्ट अडकतो. हा वायसर दर वेळी बदलावा. ऑइल बदलताना ड्रेन बोल्टचा वायसरही नवा घालणे उत्तम.

टॅपेट कव्हरच्या रबरी गॅस्केटची गोष्ट वेगळी आहे. येथे दाब फारसा नसतो आणि गळती झाली तरी ती बाहेरून दिसते. त्यामुळे गॅस्केट सुस्थितीत असल्यास ते पुन्हा वापरता येते. त्यासाठी काही साध्या कसोट्या आहेत. नखाने दाबल्यावर रबर पुन्हा वर आले पाहिजे. हलकेच वाकवल्यावर भेगा दिसता कामा नयेत. खाचेत बसवल्यावर ते सगळीकडे सारखे वर उचललेले राहिले पाहिजे. ते कडक, चपटे किंवा तेलाने फुगलेले असेल, तर बदलावे. खाचेत बसणाऱ्या रबरी ओ-रिंगलाही हेच निकष लावावेत.

शेलॅक आणि सिलिकॉन

जुन्या गॅस्केटवर शेलॅक किंवा सिलिकॉनचा जाड थर देऊन काम भागवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. हा उपाय फसवा आहे. जास्तीचे सिलिकॉन आतल्या बाजूस सुटून ऑइल चेंबरच्या जाळीत अडकू शकते आणि इंजिनाला ऑइल कमी पडते. जेथे कंपनीनेच सिलिकॉन सांगितले आहे, तेथे ते पातळ आणि अखंड रेषेत लावावे. ते वाळण्यास पुरेसा वेळ द्यावा. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या मोटारीत सेन्सरला अपाय न करणारेच सिलिकॉन घ्यावे.

नवे गॅस्केट म्हणजे सर्व काही नव्हे

नवे गॅस्केट वाकड्या किंवा अस्वच्छ पृष्ठभागावर बसवले, तर तेही टिकणार नाही. अचूक पोलादी पट्टी आणि फीलर गेज यांच्या साहाय्याने हेडची सपाटी तपासावी लागते. पुष्कळ इंजिनांत ही मर्यादा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा त्या मोटारीच्या दुरुस्ती पुस्तिकेत असतो. मर्यादेपेक्षा अधिक वाकलेले हेड फेसिंगसाठी पाठवावे लागते. जुने अवशेष काढताना ॲल्युमिनियमवर ओरखडे उठता कामा नयेत. फार जुन्या मोटारीच्या गॅस्केटमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते. ते कोरडे घासून धूळ उडवू नये. ओले करून काढावे.

बोल्टकडेही लक्ष हवे. अनेक आधुनिक इंजिनांत हेडचे बोल्ट ठरावीक कोनापर्यंत फिरवून मुद्दाम ताणले जातात. असे ताणलेले बोल्ट बहुधा पुन्हा वापरता येत नाहीत. गॅस्केटसोबत तेही नवे घ्यावे लागतात. बोल्ट टॉर्क रेंचनेच, पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने, सर्वसाधारणपणे मधून कडेकडे असे टप्प्याटप्प्याने आवळावेत. अंदाजाने आवळलेले हेड हे गॅस्केट पुन्हा फुटण्याचे एक मोठे कारण आहे.

वाहनमालकाने काय विचारावे?

काम सुरू होण्यापूर्वी मेकॅनिकला चार प्रश्न विचारावेत. हेडची सपाटी तपासणार का? बोल्ट बदलायचे आहेत का? गॅस्केट मूळ कंपनीचे किंवा नामांकित बनावटीचे आहे का? आणि जुने गॅस्केट परत मिळेल का? जुने गॅस्केट हाती आले, तर ते कोणत्या सिलिंडरच्या कडेला जळले आहे, हे दिसते आणि बिघाडाचे कारणही उमगते. केवळ गॅस्केट बदलून अतितप्त होण्याचे मूळ कारण, मग ते बंद पडलेला पंखा असो, अडकलेला थर्मोस्टॅट असो वा चोंदलेला रेडिएटर, तसेच राहिले, तर नवे गॅस्केटही फार दिवस साथ देणार नाही.

दुरुस्तीनंतर पहिले काही दिवस कूलंटची पातळी रोज, इंजिन थंड असताना पाहावी. सायलेन्सरमधून सतत पांढरी वाफ येणे, कूलंट कमी होत जाणे, डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ दिसणे ही धोक्याची चिन्हे होत. पावसाळ्यात थोड्या थोड्या अंतरासाठीच गाडी वापरली, तर ऑइलच्या झाकणाखाली थोडा दुधाळ थर दमटपणामुळेही जमतो. तेवढ्यावरून घाबरून जाऊ नये. कूलंटही घटत असेल, तर मात्र गाडी चालवणे थांबवावे.

थोडक्यात, जेथे गळती बाहेर दिसते आणि रबर जिवंत आहे, तेथे जुने गॅस्केट चालवून घेता येते. जेथे गळती इंजिनाच्या पोटात होते किंवा ते बदलण्यासाठी पुन्हा अर्धे इंजिन उघडावे लागते, तेथे नव्या गॅस्केटला पर्याय नाही.