रिकाम्या अवकाशाचं वजन

व्हाइटफील्डच्या काचेच्या इमारती मागे टाकून होसकोटेकडे निघालं, की भारतीय ताराभौतिकी संस्थेचं ‘क्रेस्ट’ हे केंद्र लागतं. लडाखमध्ये हान्लेला ४,५०० मीटर उंचीवर उभी असलेली २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण इथल्या नियंत्रण कक्षातून उपग्रहामार्फत चालवली जाते. फुटणाऱ्या ताऱ्यांवर, म्हणजे अतिनवताऱ्यांवर, नजर ठेवणं हे तिचं एक काम. आइन्स्टाइनने टाकून दिलेलं एक अक्षर अशाच ताऱ्यांनी परत आणलं: लॅम्डा.

त्याचा जन्म १९१७चा. विश्व स्थिर आहे, असाच तेव्हा समज होता; पण गुरुत्वाकर्षणाची समीकरणं त्याला स्थिर राहू देईनात. म्हणून आइन्स्टाइनने त्यांत प्रतिकर्षणाचं एक पद घातलं. १९२९मध्ये दीर्घिका दूर पळताहेत हे हबलने दाखवलं आणि दोन वर्षांत आइन्स्टाइनने ते पद काढून टाकलं.

या कुळाची दुसरी शाखा पुंजभौतिकीतली. निर्वातातही ऊर्जा उरतेच, असं नेर्न्स्टने १९१६मध्ये मांडलं. निर्वातात अगदी जवळजवळ ठेवलेले धातूचे दोन पत्रे, कुठलाही विद्युतभार नसताना, एकमेकांकडे ओढले जातील, हे कॅसिमिरचं भाकीत १९४८चं; लॅमोरोने ते बल १९९७मध्ये नेमकेपणाने मोजलं. लॅम्डा म्हणजे निर्वाताचीच ऊर्जा, हे लमेत्रने १९३४मध्येच ओळखलं होतं. पण पुंजभौतिकीचा हिशेब लॅम्डाशी जुळवायला १९६७मध्ये झेल्दोविच बसला, आणि हिशेब काही केल्या जुळेना.

मग १९९८ उजाडलं. दूरचे ‘वन-ए’ प्रकारचे अतिनवतारे अपेक्षेपेक्षा अंधुक, म्हणजेच जास्त दूर असल्याचं दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. विश्वाचं प्रसरण मंदावत नव्हतं, वेग घेत होतं; आइन्स्टाइनने काढून टाकलेलं ते पद परत आलं.

या टप्प्यावर, कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांची आठवण काढायलाच हवी. हॉइल यांच्यासोबत त्यांनी पुढे विकसित केलेल्या स्थिर स्थिती विश्वात प्रसरण वेग घेणारंच होतं. तरीही १९९८च्या निष्कर्षावर त्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. अवकाशातल्या धातूच्या सूक्ष्म तंतूंची धूळ तर हे तारे अंधुक करत नाही ना, असं त्यांनी सहकाऱ्यांसह विचारलं. बहुतेकांना ते पटलं नाही, पण धुळीचा प्रश्न खोटा नव्हता. जानेवारी २०१४मध्ये एम८२ दीर्घिकेत, सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर, याच ‘वन-ए’ प्रकारचा तारा फुटला. हान्लेच्या दुर्बिणीने त्याची चमक आणि वर्णपट टिपले, आणि मधल्या धुळीने त्याचा प्रकाश किती लाल व मंद केला आहे, हे आधी काढावं लागलं. ज्या मापाने विश्व मोजायचं, ते माप असं जवळच्या ताऱ्यांवर तपासावं लागतं. हे चिकाटीचं काम मला मोठमोठ्या सिद्धांतांइतकंच मोलाचं वाटतं.

आज विश्वातल्या ऊर्जेचा जवळपास ७० टक्के वाटा प्रसरणाला वेग देणाऱ्या या अदृश्य ऊर्जेचा मानतात. तरी ती इतकी विरळ, की पृथ्वीएवढ्या जागेतली सगळी गोळा केली तर ६-७ मिलिग्रॅम भरेल, तांदळाच्या दाण्याहूनही कमी. पुंजभौतिकीचा सरळ हिशेब मात्र १ वर १२० शून्यं इतक्या पटींनी चुकतो. त्यात २०२४ आणि २०२५मध्ये ‘डेझी’ या दीर्घिकांच्या सर्वेक्षणातून, ही ऊर्जा काळाबरोबर क्षीण होत असावी, असे संकेत मिळाले आहेत. ते पक्के ठरले, तर प्रसरणाला वेग देणारी ऊर्जा निर्वाताची नुसती स्थिर ऊर्जा नसेल. मग निर्वाताला स्वतःचं वजन जवळजवळ का नाही, याचं कारण वेगळंच शोधावं लागेल.