उकळणारे दगड आणि आम्लाची बाटली

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव हे गाव दख्खनच्या पठारावर वसले आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरून हे पठार तयार झाले. त्यामुळे मराठवाड्यात विहीर खणताना काळा पाषाण लागतो, आणि मधूनच पांढऱ्या ठिपक्यांचा, काहीसा ठिसूळ खडकही लागतो. या ठिपकेदार खडकाला ‘मांजऱ्या’ म्हणतात. हे ठिपके म्हणजे लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांच्या जागा. पुढे त्यांतून पाणी झिरपले आणि पाण्यात विरघळलेली द्रव्ये तेथे साचली. पोकळी मोठी असेल तर आत सुंदर स्फटिक वाढलेले दिसतात.

असे दगड विद्यार्थी हौसेने शाळेत आणतात. त्यांवर तांबूस डाग असतात, पांढरे पुट असते, हिरवट थर असतो. मग प्रश्न येतो, हे स्वच्छ कसे करायचे? प्रयोगशाळेत आम्लाची बाटली समोरच असते. ती उघडण्यापूर्वी या खनिजांना नावे कशी मिळाली, हे आपण पाहू.

१७५६ साली स्वीडनमधील क्रोन्स्टेट या खनिजशास्त्रज्ञाने एका खनिजावर फुंकनळीने ज्योत सोडली. ही नळी म्हणजे आपल्या चुलीजवळच्या फुंकणीचीच धाकटी बहीण. तिने हवा फुंकली की दिव्याची ज्योत बारीक आणि अतितप्त होते. त्या ज्योतीत खनिज फुगले, फेसाळले, जणू उकळू लागले. म्हणून ग्रीक भाषेतील ‘उकळणे’ आणि ‘दगड’ या शब्दांवरून त्याने नाव दिले, झिओलाइट. आज आपल्याला याचे कारण ठाऊक आहे. अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या जाळीदार रचनेत सूक्ष्म पोकळ्या असतात व त्यांत पाणी असते. तापवले की ते वाफ होऊन बाहेर पडते.

पुढची नावेही अशीच पडली. स्कोलेसाइट हा झिओलाइट तापवला की अळीसारखा वळवळतो. त्याचे नाव ‘अळी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. अ‍ॅपोफिलाइट हा झिओलाइट नव्हे, पण त्यांच्या सोबतीने सापडतो. तापवल्यावर त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून ‘पाने गळणारा’ अशा अर्थाचे नाव. ही तिन्ही खनिजे महाराष्ट्रात विपुल आहेत आणि तिन्ही नावांत एक इशारा दडलेला आहे: आम्हांला तापवू नका!

त्या काळची दुसरी कसोटी हायड्रोक्लोरिक आम्लाची. कॅल्साइटवर थेंब टाकला की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. स्कोलेसाइटच्या पुडीवर बुडबुडे येत नाहीत. मात्र काही वेळाने खळीसारखा पदार्थ तयार होतो, कारण आम्ल स्फटिकाची जाळीच मोडते आणि उरलेल्या सिलिकाची खळ बनते. स्टिल्बाइट आणि अ‍ॅपोफिलाइट यांचीही आम्लापुढे हीच गत, ती विघटित होतात. म्हणजे ज्या कसोट्यांनी ही खनिजे ओळखली गेली, त्या त्यांचा नाश करणाऱ्या होत्या. त्या काळचे शास्त्रज्ञ हे चिमूटभर पुडीवर करीत. आपण अख्खा नमुना आम्लात बुडवला तर काय होईल?

१८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात लोहमार्गासाठी डोंगर फोडले गेले. तेथे मिळालेले अ‍ॅपोफिलाइट आणि स्टिल्बाइट यांचे स्फटिक युरोपातील संग्रहालयांत पोचले. त्याआधी पुण्याच्या नावावरून एका खनिजाला ‘पूनालाइट’ असे नावही मिळाले होते. पुढे ते मेसोलाइटच असल्याचे ठरले. अशी दुरुस्ती मूळ नमुना जपलेला असेल तरच करता येते. १९७४ साली मुंबईचे सुखेश्वाला आणि त्यांचे सहकारी यांनी पश्चिम भारतात कोणता झिओलाइट कोणत्या पट्ट्यात प्रामुख्याने आढळतो हे मांडले. त्यासाठी नमुना नेमका कोठला, हे माहीत असावे लागते.

नमुन्यावरचे थरही असेच बोलके असतात. पोकळीच्या भिंतीलगतचा हिरवट थर, बहुधा सेलाडोनाइट, आधीचा. त्यावरचा स्टिल्बाइट नंतरचा. त्यावरही कॅल्साइट असेल तर तो सर्वांत अलीकडचा. काही अ‍ॅपोफिलाइट तर लाव्हा थंड झाल्यावर कोट्यवधी वर्षांनी बनले, असे मोजमापांतून दिसले आहे. आता, पांढरे पुट जमिनीतील चुनखडीचे असेल किंवा पोकळीतच वाढलेल्या कॅल्साइटचे. आम्लाला हा फरक कळत नाही. दोन्ही फसफसतात आणि नाहीसे होतात. तो फरक भिंगातून पाहून आपणच ठरवायचा.

म्हणून आमची सूचना अशी. प्रथम गाव, विहीर किंवा खाण, खोली आणि तारीख चिठ्ठीवर लिहावी. मग साधे पाणी, मऊ ब्रश आणि लाकडी काडी एवढ्यानेच माती काढावी. नमुना सावलीत सुकवावा. लॉमोंटाइटसारखा झिओलाइट कोरड्या हवेतही पाणी गमावून भुगा होतो. गारगोटीवरचा चुना काढायला सौम्य आम्ल चालते, पण ते काम शिक्षकांनीच करावे, आधी फुटक्या तुकड्यावर. गंजाच्या डागांसाठी ऑक्झॅलिक आम्ल वापरतात; ते विषारी आहे, आणि कॅल्साइट असेल तेथे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे न विरघळणारे नवेच पांढरे पुट चढवते.

एकाच ठिकाणचे दोन नमुने मिळाले तर एक धुवावा आणि दुसरा जसाच्या तसा ठेवावा. विद्यार्थ्यांना दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून थर मोजायला सांगा, आणि कोणता थर आधीचा, हे कशावरून, तेही विचारा.