नेपल्सची चिनी माती

नेपल्सच्या व्होमेरो टेकडीवर व्हिला फ्लोरिदियाना आहे. राजा फर्डिनांडने पहिल्या राणीच्या निधनानंतर तीन महिन्यांच्या आत, १८१४ मध्ये, लुचिया मिल्याच्चो हिच्याशी विवाह केला. या विवाहाने तिला राणीपद मिळाले नाही; १८१७ मध्ये मिळाली ती ही वास्तू. अंतोनियो निक्कोलिनीने तिला आजचे रूप दिले. आता येथे दूका दि मार्तिना संग्रहालय आहे.

तळघरात चीन-जपानची भांडी, वर युरोपची. त्याच क्रमाने मी पाहत गेलो. आपण लोणच्याच्या बरणीलाही चिनी माती म्हणतो आणि पातळ बशीलाही. पण उजेडासमोर धरल्यावर प्रकाश झिरपू देते ती बशी, म्हणजे पोर्सेलीन. चीनची ही विद्या युरोपात प्रथम साधली ती सॅक्सनीने. माइसेनचा कारखाना १७१० चा. तो स्थापणाऱ्या ऑगस्टसची नात मारिया अमालिया १७३८ मध्ये नेपल्सची राणी झाली आणि १७४३ मध्ये तिचा पती चार्ल्स याने कापोदिमोंते येथे भट्टी घातली. माइसेनचे कठीण पोर्सेलीन येथे साधले नाही. साधले ते मृदू, सायीसारख्या पांढऱ्या रंगाचे. त्याची खूण निळे लिलीचे फूल.

१७५९ मध्ये चार्ल्स स्पेनचा राजा झाला. जाताना कारागीर, साचे, तयार माती, सारे माद्रिदला नेले. तेथल्या बुएन रेतिरोच्या मालावरही तीच लिली उमटली. त्यामुळे सुरुवातीच्या काही वस्तू नेपल्सच्या की माद्रिदच्या, हे जाणकारांनाही सांगणे कठीण जाते. बापाने उचललेला हा उद्योग मुलाने, म्हणजे याच फर्डिनांडने, १७७१ मध्ये पुन्हा उभारला. पण खूण बदलली. लिलीच्या जागी पुढे मुकुटाखालचा 'एन' आला, म्हणजे नेपल्स.

मला हा बदल महत्त्वाचा वाटतो. लिली बूर्बाँ घराण्याची होती, म्हणून ती राजाबरोबर गेली. 'एन' शहराचा होता. राजाश्रयाने कला वाढते असे आपण म्हणतो, पण आश्रयदाता निघाला की कारागिराचे गाव रिकामे होते, हेही या कपाटांत दिसते.

हा संग्रह प्लाचिदो दे सांग्रो या सरदाराने जमवला. त्याच्या पुतण्याकडून १९११ मध्ये तो नेपल्स शहराला मिळाला, १९१९ मध्ये सरकारने वाडा विकत घेतला आणि १९३१ मध्ये संग्रहालय उघडले. राजांच्या मेजावरची ही भांडी आता कुणाबरोबर दुसऱ्या देशी जाणार नाहीत. तिकीट काढून येणाऱ्या कुणालाही ती पाहता येतात.