एक सुई, एक गुंडी आणि आपला हिशेब



सध्या गटागटांत क्रोशा शिकायची हौस दिसते आहे. पहिला प्रश्न ठरलेला असतो, “ताई, भांडवल किती लागेल?” भांडवल थोडंच लागतं. हुकाची एक सुई आणि सुती दोऱ्याची एक गुंडी, शंभर-सव्वाशे रुपयांत काम सुरू होतं. तेवढेही खर्चायचे नसतील तर जुना स्वेटर उसवून त्याची लोकर घ्या. इतकं स्वस्त असल्यामुळेच हे काम जगभरच्या गरीब घरांत पोहोचलं. त्या घरांतल्या बायांच्या हाती काय लागलं, ते आज सांगते.

क्रोशे हा शब्द फ्रेंच आहे, अर्थ लहानसा आकडा. क्रोशाचे छापील नमुने सुरुवातीला आले ते 1823 मध्ये, ‘पेनेलोपे’ नावाच्या डच मासिकात. ते मासिकही बायांसाठीचंच होतं आणि नमुने होते बटव्यांचे.

पण या कामाला पोटाशी जोडलं ते आयर्लंडच्या दुष्काळानं. 1845 पासून तिथं बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबाचं सारं खाणं बटाट्यावरच होतं. लाखो माणसं मेली, लाखोंनी देश सोडला. तेव्हा मठांतल्या जोगिणींनी आणि धर्मोपदेशकांच्या बायकांनी गावातल्या बायामुलींना क्रोशाची लेस शिकवली. क्लोनिस गावात 1847 मध्ये कॅसांड्रा हँड या बाईंनी असं काम सुरू केलं. एक बाई गुलाब विणायची, दुसरी पान विणायची, मग सगळे तुकडे जोडले जायचे. त्या पैशावर घरं तगली.

आपल्याकडेही दुष्काळानं बायांना हातकामाकडे नेलं. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली केडगावला नेल्या आणि त्यांना शिक्षणाबरोबर स्वतःच्या पायावर उभं करणारी कामं शिकवली. पुण्यात 1909 पासून रमाबाई रानडे यांच्या सेवासदनात विधवा आणि गरजू बाया शिवणकाम शिकू लागल्या. शिकलेल्या हाताला मोल मिळालं पाहिजे, हा विचार आपल्या मराठी बायांचा जुनाच आहे.

आता आपल्या नदीच्या वाटेनं खाली जाऊ. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा पुढं प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते. ती गोदावरी समुद्राला मिळण्याआधी आंध्रातल्या नरसापूरजवळून जाते. तिथं एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायांनी क्रोशाची लेस शिकवली आणि काम गावोगाव पसरलं. नरसापूरची लेस परदेशी जाऊ लागली. 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं.

या बायांबद्दल मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी 1982 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना काय दिसलं? ज्या घरांत बाईनं शेतात मजुरीला जाणं कमीपणाचं मानत, तिथं दलाल दोरा घरी आणून द्यायचा आणि विणलेला माल घेऊन जायचा. एक बाई फुलं करायची, दुसरी ती जोडायची. माल कुणाला आणि केवढ्याला विकला, हे दोघींनाही ठाऊक नसायचं. घरकाम सांभाळून त्या दिवसाचे सहा-आठ तास विणायच्या, पण सगळे म्हणायचे, ‘घरी बसून फावल्या वेळात करतात.’ व्यापारी श्रीमंत झाले. विणणारीला मात्र शेतात राबणाऱ्या मजूर बाईपेक्षाही कमी पैसे मिळायचे.

मैत्रिणींनो, ‘फावला वेळ’ या दोन शब्दांनी त्यांची मजुरी खाल्ली. खरं तर क्रोशाची अस्सल वीण आजही यंत्रावर सर्रास होत नाही. दुकानात क्रोशाची पिशवी दिसली की समजा, कुणीतरी ती हातानंच विणली आहे.

म्हणून शिकताना दोन मोजण्या एकदमच शिकू या. पहिली टाक्यांची. सुरुवातीला जाड दोरा आणि फिका रंग घ्या, म्हणजे टाका नीट दिसतो. वीस साखळ्या घाला, मग मुक्या खांबाच्या ओळी करा. प्रत्येक ओळीच्या शेवटी टाके मोजा. कडेचा टाका सुटत गेला की चौकोन निमुळता होत जातो. हात बसला की खांब शिका, मग फुलं.

दुसरी मोजणी तासांची. विणायला बसलात की वहीत वेळ लिहा, उठलात की लिहा. समजा, एका रुमालाला चाळीस रुपयांचा दोरा आणि बारा तास लागले आणि कुणी दीडशे रुपये दिले. दोरा वजा जाता एकशे दहा उरले, म्हणजे तासाला जेमतेम नऊ रुपये. आता आपल्या गावातली निंदणाची मजुरी आठवा आणि ताडून पाहा.

स्वतःच्या घरासाठी तोरण विणायचं, नातवाला टोपरं करायचं, तर हा हिशेब नको. तो आनंद आहे. पण विकायला विणाल तेव्हा भाव एकटीनं ठरवू नका. गटाच्या बैठकीत वही उघडा, सगळ्या मिळून ठरवा आणि माल कुठं, केवढ्याला गेला तेही लिहून ठेवा. बचतीचा एकेक रुपया आपण लिहितोच, आता तासही लिहू या.