केपेबल : राहत्या घरीच म्हातारपण निभावण्याचा एक अमेरिकी उपक्रम

वयोवृद्ध माणसाला आपल्याच घरात, आपल्याच हातांनी रोजचे व्यवहार करत राहता यावेत यासाठी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात आखला गेलेला घरपोच उपक्रम. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या परिचर्या विद्यालयातील सारा झँटन यांनी तो उभा केला. व्यवसायोपचारतज्ज्ञ, परिचारिका आणि मिस्त्री अशा तिघांचे पथक चार-पाच महिने एका घरी ये-जा करते आणि काम झाले की निरोप घेते. वृद्धाला कायमची मदतनीस मिळवून देणे हा याचा हेतू नाही. मदतनीस लागण्याची वेळ होता होईल तो लांबवायची, हा आहे.

झँटन स्वतः परिचारिका. घराबाहेर पडू न शकणाऱ्या, बेताच्या उत्पन्नाच्या वृद्धांच्या घरी जाऊन त्या तपासणी करत. तिथे जे दिसे त्यातले बरेचसे औषधाच्या चिठ्ठीने सुटणारे नव्हते. बाल्टिमोरच्या जुन्या वस्त्यांत एकमेकींना चिकटलेल्या अरुंद, दुमजली घरांच्या रांगाच रांगा आहेत. दारापुढच्या संगमरवरी पायऱ्या ही या शहराची ओळख. पाहुण्यांना त्या फार आवडतात, गुडघे धरलेल्या माणसाला मात्र तोच पहिला अडसर. झोपायची खोली आणि न्हाणीघर बहुधा वर, स्वयंपाकघर खाली. जिन्याचा कठडा ढिला झाला की वर राहणारा वरच अडकतो. मग जेवणाचे हाल आणि डॉक्टरांकडे जाणेही बंद.

माणूस परावलंबी होतो तो केवळ शरीर थकल्यामुळे नव्हे. त्याची ताकद आणि भोवतालच्या वास्तूची मागणी यांचा मेळ तुटल्यामुळे होतो, असे पॉवेल लॉटन आणि लुसिल नाहेमो या अभ्यासकांनी 1973 मध्येच मांडले होते. त्यावर उभा राहिलेला एक प्रयोग लॉरा गिटलिन यांनी फिलाडेल्फियात केला. सत्तरी ओलांडलेल्या 319 व्यक्तींवरील त्या चाचणीचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात व्यवसायोपचार, भौतिकोपचार आणि घरातील लहानसहान बदल होते. झँटन यांनी त्या आराखड्यात परिचारिका आणि मिस्त्री यांची भर घातली. पुढे गिटलिनही या कामात सामील झाल्या.

कार्यपद्धती : व्यवसायोपचारतज्ज्ञाच्या सहापर्यंत आणि परिचारिकेच्या चारपर्यंत भेटी होतात. मिस्त्रीचे काम साधारण एका दिवसाचे. बाल्टिमोरमध्ये ‘सिव्हिक वर्क्स’ या संस्थेने ते सांभाळले. दुरुस्ती आणि साहित्य यांसाठी मूळ प्रकल्पात माणशी सुमारे 1,300 डॉलरची मर्यादा होती.

काय दुरुस्त करायचे हे पथक ठरवत नाही, आणि उपक्रमाचे मर्म यातच आहे. ‘तुम्हाला काय करता यायला हवे आहे?’ हा प्रश्न आधी येतो. एखाद्याला आधाराशिवाय आंघोळ करायची असते, एखादीला जिना उतरून रविवारी चर्चला जायचे असते. रक्तातील साखर आटोक्यात आणावी असे डॉक्टरांना कितीही वाटो, त्या घरात तो विषय पुढे सरकायचा तो वृद्धाच्या स्वतःच्या इच्छेला धरूनच.

आंघोळीचेच घ्या. अमेरिकेतील टबात उतरायचे तर क्षणभर एका पायावर उभे राहून दुसरा पाय गुडघाभर उंचीच्या काठावरून पलीकडे टाकावा लागतो. तज्ज्ञ ही हालचाल प्रत्यक्ष करून दाखवायला सांगते, तोल कुठे जातो ते पाहते आणि मिस्त्रीसाठी कामाची यादी करते. दांडी भिंतीच्या पोकळ भागात बसवून भागत नाही, अंगाचा भार पडला की ती उपटून येते. म्हणून आतल्या लाकडी खांबाचा ठाव घेऊन स्क्रू आवळायचे. टबात न सरकणारी चटई, काठावर बसून आत सरकण्यासाठी बाक. तेवढ्यात परिचारिका पाहते की रक्तदाबाच्या गोळीने उठताना भोवळ येते का, दुखण्याची गोळी आंघोळीच्या वेळेशी जुळवून घेता येईल का. पायांत जोर यावा म्हणून ती व्यायाम शिकवते आणि डॉक्टरांशी कसे बोलावे याचीही तयारी करून घेते. नुसती दांडी किंवा नुसता व्यायाम, दोन्ही अपुरे. जिन्याला दुसऱ्या बाजूचा कठडा, उंच कमोड, हाताला येईल अशी फळी, चांगला दिवा, फुटलेल्या फरशीची दुरुस्ती अशी कामे वरचेवर यादीत असतात. यात झगमगते तंत्रज्ञान जवळजवळ काहीच नाही. वृद्धसेवेतील नावीन्य म्हणजे यंत्रमानव आणि मनगटी घड्याळे, असे मानणाऱ्यांनी ही यादी जरूर पाहावी.

परिणाम : सरकारी आरोग्ययोजनांच्या नवोपक्रम केंद्राच्या अर्थसाहाय्याने 281 व्यक्तींवर झालेल्या प्रकल्पाचा अहवाल 2016 मध्ये आला. अंघोळ, कपडे घालणे, चालणे अशा आठ नित्यकर्मांपैकी सरासरी 3.9 कर्मे आधी अवघड जात. पाच महिन्यांनी हा आकडा 2.0 वर आला. मात्र या प्रकल्पात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ती उणीव 300 व्यक्तींच्या चाचणीने भरून काढली. तिचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. सहभागींत कृष्णवर्णीय स्त्रिया बहुसंख्य होत्या. तुलनेच्या गटालाही दहा भेटी मिळाल्या, पण गप्पा आणि बैठ्या विरंगुळ्याच्या. पाच महिन्यांनी केपेबल गटातील परावलंबन सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळले. बारा महिन्यांनंतर मात्र दोन गटांतील फरक निर्णायक उरला नाही. उपक्रमाचे चाहते हे दुसरे वाक्य सहसा गाळतात. वय पुढे जातच राहते, तेव्हा एकदाच दिलेली मदत किती काळ पुरेल हा प्रश्न अजून मोकळाच आहे. स्मृतिभ्रंश बळावलेल्यांसाठी तर हा आराखडा मुळात नव्हताच.

खर्च : माणशी सुमारे 3,000 डॉलर. यातून मेडिकेअर या सरकारी विम्याची होणारी बचत याच्या काही पट आहे, असे अभ्यास सांगतात. तरीही उपक्रम झपाट्याने पसरला नाही. याला कारण असे की, खर्च करणारा एक आणि वाचणारा पैसा दुसऱ्याचा. रुग्णालयातील खाट, शस्त्रक्रिया यांची बिले विमा भरतो. सुतारकाम त्याच्या लेखी उपचारात मोडत नाही. अनेक राज्यांत संस्थांनी देणग्या आणि अनुदाने गोळा करून हा उपक्रम चालवला आहे. केंद्राच्या गृहनिर्माण खात्यानेही वृद्धांच्या घरातील बदलांसाठी 2021 पासून अनुदाने सुरू केली.

महाराष्ट्रात या धर्तीची योजना नाही. मात्र तिच्या कण्यासारखी असलेली विद्याशाखा इथे जुनी आहे. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950 मध्ये व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. भारतातील ती पहिली. उद्‍वाहक नसलेल्या चार मजली इमारती आणि खाली बसायचे संडास असलेल्या आपल्याकडच्या घरांत बाल्टिमोरची यादी जशीच्या तशी चालणार नाही, पण प्रश्न विचारण्याची रीत चालेल.

तिकडे अमेरिकेत मेडिकेअरचे खासगी पर्याय पुरवणाऱ्या कंपन्यांना 2019 पासून न्हाणीघरातील आधारासारख्या सोयींवर खर्च करण्याची मुभा मिळाली आहे. मूळ मेडिकेअरमध्ये मात्र पडून खुबा मोडला तर शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो, पडू नये म्हणून बसवलेल्या दांडीचा मिळत नाही.