ठोका सुधारला, माणूस गेला

'काळजाचा ठोका चुकला' असे आपण सहज बोलून जातो. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी तुंबली, की ते अक्षरशः खरे ठरू शकते. उपाशी पेशींतून पोटॅशियम बाहेर झिरपते, विजेचा प्रवाह वाट चुकतो आणि हृदयाचे खालचे कप्पे रक्त ढकलण्याऐवजी नुसते थरथरतात. काही मिनिटांत सारे संपते.

१९४७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी एका चौदा वर्षांच्या मुलाचे असे थरथरणारे हृदय विजेच्या झटक्याने पुन्हा लयीत आणले. पुढे रुग्णालयांत हृदयरुग्णांसाठी खास विभाग निघाले. पण बरे होऊन घरी गेलेल्यांचे काय?

अशा रुग्णांच्या हृदयालेखात मधूनमधून जादा ठोके दिसत. ज्यांना ते जास्त, त्यांना अचानक मृत्यूचा धोकाही जास्त. मग ठोके दाबले की मृत्यू टळेल, हा तर्क कोणालाही पटावा असाच होता. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ठोके उत्तम दाबत.

१९८७ मध्ये अमेरिकेत या तर्काची मोठी परीक्षा सुरू झाली. ज्यांचे ठोके औषधाने खरोखर कमी झाले, अशांचेच दोन गट केले. एकाला औषध, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. १९८९ मध्ये या दोन औषधांची चाचणी घाईने थांबवावी लागली. १९९१ च्या अहवालातील आकडे असे : औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, नुसती गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६.

असे का व्हावे? ही औषधे विजेचा प्रवाह मंदावतात. रक्त कमी पडलेल्या स्नायूत तोच मंद प्रवाह गोल गोल फिरत राहतो आणि नवा गोंधळ माजवतो.

उलट जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेल्या प्रोप्रॅनोलॉलने अ‍ॅड्रेनॅलिनचा मारा रोखून हृदयावरचा ताण हलका केला. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने मृत्यू खरोखर कमी केल्याचे दिसले.

हृदयालेखावरची रेघ सुधारणे आणि माणूस वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैद्यकाने हा धडा फार महागात घेतला. म्हणून नवे औषध आले, की पहिला प्रश्न हाच विचारायचा : याने माणसे जगली का?